हळदीची धूळ आणि चौतीस अर्धवट फाइली

काका, नमस्कार.

मी २९ वर्षांची, राहायला सांगलीत विश्रामबागला. बी.सी.एस. झाले आणि गेली सहा वर्षं मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत पेढीवर कॉम्प्युटर सांभाळते. टॅली, जीएसटी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या. काम बरं, शेठही बरे. पण रात्री भांडी आवरली की मी कोड लिहीत बसते आणि त्या कोडचा कुणाला काडीचा उपयोग नसतो. पडद्यावर आकार हलतात, माउस फिरवला की वळतात, बस. दोन वर्षांपूर्वी एक डेमो पाहिला, म्हणजे कोडनंच जागच्या जागी घडवलेलं चित्र आणि संगीत. सगळे डोंगर, ढग, ऊन, संगीत इवल्याशा ४ केबीच्या फाइलीत. त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून नीट अशी लागलेलीच नाही.

सध्या एकाच गोष्टीमागं आहे. हंगामात सकाळी गोदामाच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात हळदीची धूळ फिरत असते. हमालानं पोतं टाकलं की ती फुटते. ते मला पडद्यावर हवंय, आणि समोरच्यानं हात हलवला की हलायला हवंय. चार महिने झाले. हवेसाठी नॉइज, म्हणजे सलग पण बेभरवशी बदलणाऱ्या आकड्यांचं गणित, वापरते. त्यातला एक आकडा ०.०२ चा ०.०३ करण्यात रात्र जाते. लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो. सांगलीत दाखवावं असं कुणी नाही. पुण्याची मैत्रीण म्हणते, नोकरी सोड, इकडं ये, दीड लाखाचा कोर्स आहे. स्थळ आलं की आई सांगते, ‘तिला रांगोळीची आवड आहे.’ आणि ते गेले की मला विचारते, ‘यानं पोट भरतं का?’ फोल्डरमध्ये अशा चौतीस फाइली आहेत, एकही पूर्ण नाही. हे वेड आहे का हो?

– रात्रपाळी, विश्रामबाग

अगं रात्रपाळी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ‘नोकरी सोडू का’ छापाचं आहे. तशी महिन्याला चार तरी येतात. दुसऱ्यांदा वाचताना चौतीस फाइलींपाशी अडखळलो. नोकरी, पुणे, आई, लॅपटॉप यांवर भरभरून लिहिलंस आणि ‘एकही पूर्ण नाही’ एवढं मात्र जाता जाता. डॉक्टरांकडे बसून अर्धा तास सर्दीचं सांगावं आणि उठताना ‘छातीतही जरा दुखतं’ म्हणावं, तसलाच प्रकार.

वेडाचं आधी उरकून टाकतो. आहेच वेड. मलाही लागलं होतं म्हणून ओळखतो. १९९५-९६ची गोष्ट, मी तेव्हा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवत होतो. एका विद्यार्थ्यानं पुण्याहून फ्लॉप्यांवर एक चीज आणली. फिनलंडच्या फ्यूचर क्रू नावाच्या पोरांनी १९९३ साली केलेला ‘सेकंड रिॲलिटी’ हा डेमो. लॅबमधल्या ४८६ मशिनवर लावला. त्या मशिनवर आम्ही तोवर लोटस आणि डीबेस सोडून काही बघितलं नव्हतं. साउंड कार्ड नव्हतंच, त्यामुळं सगळं मुकं. त्याचं संगीत ऐकलं ते घरी इंटरनेट आल्यावर, आणि तेव्हा कळलं की मी तो अर्धाच पाहिला होता. पण त्या दिवशी अर्ध्यानंही काम केलं. साहेब येऊन ‘हे सिलॅबसमध्ये आहे का?’ विचारेपर्यंत आम्ही तो चौथ्यांदा लावला होता. तेव्हा तुझ्या त्या रात्रीचं मला समजावून सांगायला नको.

या प्रकाराचं मूळ मात्र चोरीचं आहे, ते आईला सांगू नकोस. १९८०च्या दशकात युरोपातली पोरं कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरच्या गेमची कुलपं तोडून त्या फुकट वाटायची. आता कुलूप कुणी तोडलं हे गावाला कळायला नको? म्हणून गेम सुरू व्हायच्या आधी आपलं नाव, सरकणारी अक्षरं, थोडं संगीत टाकायला लागली. होता होता त्या नावाच्या पाटीलाच इतका नखरा आला की गेम बाजूला पडला आणि पाट्यांची चढाओढ सुरू झाली. १ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, आणि त्यात कोण जास्त डोळे फिरवतो. मग अमिगा हा संगणक आला, पीसी आला, हॉल घेऊन मेळावे भरायला लागले. फिनलंडचा ‘असेंब्ली’ १९९२ पासून भरतो. जर्मनीतला ‘रिव्हिजन’ ईस्टरच्या सुट्टीत. माणसं अंधारात बसतात, मोठ्या पडद्यावर एकेक डेमो लागतो, लोक आरडाओरडा करतात, मतं देतात. फिनलंडनं २०२० साली डेमोसीनला, म्हणजे डेमोवाल्यांच्या या सगळ्या जगाला, आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, त्यांच्या सौनाच्या पंगतीत. पुढच्या वर्षी जर्मनीनंही घेतलं. हे मात्र आईला जरूर सांग.

आता तुझं काय झालं ते बघ. त्या मेळाव्यांतली ४ केबीची करामत तू उचललीस. हॉल उचलला नाहीस, तारीख उचलली नाहीस. अगं, डेमो म्हणजेच दाखवणं. शनिवारी रात्री पडद्यावर लागायचं ठरलं की ती पोरं शुक्रवारी तिथंच टेबलावर बसून शेवटचा भाग जोडतात, आणि जे जमत नाही ते निर्दयपणे छाटतात. तुला छाटायला लावणारं कुणी नाही. त्यामुळं ०.०२ चा ०.०३ होतो, ०.०३ चा ०.०२५, आणि अडीच वाजतात.

थांब, त्या आकड्याची चेष्टा करत नाहीये. मिरज तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे. सतारमेकरांच्या गल्लीत एक दुपार जाऊन बस. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना कारागीर तारांखालच्या घोडीचा माथा इतका थोडा घासतो की आपल्याला काही झालेलंच दिसत नाही. तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढंमागं सरकवतो आणि एका जागी तार बोलायला लागते. तुझ्या रात्री त्याच जातीच्या आहेत. पण त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. कुणाची तरी मैफल असते, तंबोरा अमक्या तारखेला न्यायचा असतो, मग जवारी ‘लागली’ म्हणून हात झटकून उठावंच लागतं.

म्हणून तुला तारीख देतो: लक्ष्मीपूजन. श्रावण चालू आहे, म्हणजे अडीच-तीन महिने हातात आहेत. संध्याकाळी पेढीवर वहीपूजन होईल, शेठजींच्या घरचे येतील, हमाल, तोलाईदार, शेजारच्या पेढ्यांवरचे दिवाणजी, दोन-चार शेतकरी. तीस-चाळीस माणसं. प्रसाद वाटून झाला की गोदामाच्या भिंतीवर तीन मिनिटं तुझी धूळ. तुला वाटेल, काका वेडे झाले, हमालांना काय कळणार? हळदीची धूळ कशी उडते हे सांगलीत त्यांच्याहून जास्त कुणाला कळतं, सांग बघू. माझा अंदाज असा की पहिलाच माणूस म्हणेल, ‘ताई, हे उदबत्तीच्या धुरासारखं दिसतंय.’

आणि तो बरोबर असेल. नुसत्या नॉइजवर धूळ तरंगते, वळते, पण पडत नाही. केन पर्लिन या माणसानं ‘ट्रॉन’ या १९८२च्या सिनेमावर काम केलं होतं. संगणकाच्या चित्रांचा गुळगुळीत यांत्रिकपणा त्याला खुपत राहिला आणि त्यातून पुढच्या वर्षी हे नॉइजचं गणित निघालं. १९९७ साली त्याला त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. धूर, ढग, संगमरवर यांना ते गणित झकास लागू पडतं. पण हळदीची पूड हवेत उडाली तरी शेवटी खालीच बसते. माझं ऐक, आकडा तसाच राहू दे आणि प्रत्येक कणाला स्वतःचं वजन दे. जड कण लवकर बसतील, हलके तिरिपेत रेंगाळतील. पोतं पडलं की सगळ्यांना त्या जागेपासून बाहेर एक धक्का, आणि तो धक्का दर चित्रागणिक थोडा थोडा विरत जाऊ दे. चार महिने तू ज्या आकड्याशी झटतेयस त्याचा दोष नसावा. धुळीला वजनच नाहीये, एवढंच. नुसतं पत्र वाचून सांगतोय, चुकलो तर कळव.

लॅपटॉपचं रडगाणं मला फारसं पटलं नाही. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हटली की १२ कोटी ४४ लाखांवर ठिपके, आणि एका चित्राला वेळ मिळतो जेमतेम १६.७ मिलिसेकंद. गिरणी ओरडेल नाहीतर काय करेल? ६४० बाय ३६० मध्ये काढ आणि ताणून भिंतीवर पसर. काम बरोबर नवव्या हिश्श्यावर येतं. धूळच काढायची आहे, तिला थोडी भरड कड शोभूनच दिसेल. पी-फाइव्ह ही चित्रांसाठीची कोडची लायब्ररी वापरत असशील तर पिक्सेल डेन्सिटी एकवर बांधून ठेव; काही पडद्यांवर ती आपोआप दोन होते आणि काम चौपट वाढतं. कण म्हणून गोल काढू नकोस, ठिपका काढ. तीन-चार हजार पुष्कळ झाले.

आणखी एक, कारण यात माझा अख्खा आठवडा गेला होता. कणामागं शेपूट राहावी म्हणून आपण आधीचं चित्र पुसत नाही, त्यावर पातळ काळा थर देतो. थर फार पातळ ठेवला की मागं राखाडी डाग राहतात, आणि रात्रभर चालू ठेवलं तरी जात नाहीत. रंग ० ते २५५ अशा पूर्णांकांत साठतो. त्यातून अगदी चिमूटभर वजा करायला गेलं की राउंडिंगमध्ये आकडा होता तिथंच परत येतो. मला वाटत होतं मॉनिटर गेला. थर थोडा जाड कर, संपलं.

ग्राफिक्स कार्ड नाही म्हणतेस, तर वेरा मोल्नार या चित्रकार बाईंचं ऐक. जन्म बुडापेस्टचा, १९२४चा, हयात पॅरिसमध्ये गेली. १९६८ साली त्यांना संगणक वापरायला मिळाला. त्याआधीची जवळजवळ दहा वर्षं त्या मनातल्या मनात एक यंत्र कल्पून, त्याला नियम घालून देऊन, ते नियम स्वतःच्या हातानं कागदावर पाळत चित्रं काढत होत्या. २०२२च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांचं काम लागलं तेव्हा वय ९८. तुझ्याकडं निदान पंखा फिरणारा लॅपटॉप आहे.

आता हात हलवला की धूळ हलण्याचं. इथं मला आमच्या मोराची गोष्ट सांगावीच लागेल. विशीत असताना मी सांगलीतल्या एका गणपती मंडळाची लाइटिंग करायचो. तेव्हा चिपा नव्हत्या, रोलर असायचा: लाकडी ड्रम, त्यावर नागमोडी तांब्याच्या पट्ट्या, मोटरनं तो फिरायचा आणि पट्टी ज्या संपर्काला लागेल तेवढे बल्ब पेटायचे. पट्ट्यांचा आकार हाच आमचा कोड. एका वर्षी त्यावर पिसारा फुलवणारा मोर केला. दुसऱ्याच दिवशी मोटर जळली, चूक माझीच, वायर हलकी वापरली होती. आरतीची वेळ, अध्यक्ष तापलेले. शेवटी एका पोराला म्हटलं, मोटरचा पट्टा काढ आणि हातानं फिरव ड्रम. पोरगं बेरकी. त्यानं मोर फुलवला, थांबवला, उलटा फिरवून मिटवला. लोक हसायला लागले, टाळ्या पडल्या, आणि अर्ध्या तासात ड्रम फिरवायला पोरांची रांग लागली. मोटर दुरुस्त होऊन आली तरी पुढचे आठ दिवस आम्ही ती बसवली नाही. मोर पूर्वीइतकाच देखणा होता. पण तो आता आपल्या हाताचं ऐकत होता.

तर तुझ्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पहिल्या दोन सेकंदांत कळलं पाहिजे की हे माझ्यामुळं हलतंय. नाही कळलं तर तो पेढा खात पुढं जातो. त्याला हात, बोटं, सांगाडा ओळखणारं मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. वेबकॅमचं चित्र ६४ बाय ३६ इतकं लहान कर, आत्ताचं चित्र आणि मागचं चित्र यांची वजाबाकी कर, जिथं फरक जास्त तिथं हवेचा झोत सोड. एवढ्यावर भागतं. कॅमेरा माणसांकडं तोंड करून लाव, भिंतीकडं नको. नाहीतर कॅमेऱ्याला धूळ दिसेल, ती हलली म्हणून आणखी हलेल, आणि भूत लागल्यासारखं चालू होईल. चित्र आरशासारखं उलटं करायला विसरू नकोस. उजवा हात हलवल्यावर डावीकडं धूळ उडाली की माणूस गोंधळतो. अंधारात स्वस्त कॅमेरा चित्रात स्वतःच मुंग्या भरतो आणि त्याही हालचाल म्हणून मोजल्या जातात. त्यासाठी माणसांवर पडेल, भिंतीवर पडणार नाही असा एक साधा बल्ब वरून सोड. ब्राउझर कॅमेऱ्याची परवानगी मागतो, आणि एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच मशिनवरचा सर्व्हर, असेल तर ती भरवशानं देतो. म्हणून फाइल नुसती डबलक्लिक करून उघडलीस तर ऐन वेळी अडू शकतेस. लोकल सर्व्हरवर चालवायची सवय आत्तापासून लाव. आणि पोतं फुटतानाचा लख्ख उजेड सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकवू नकोस. फिट येणाऱ्या माणसाला त्यानं खरंच त्रास होऊ शकतो, आणि तीस-चाळीस जणांत कुणाला काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

तू म्हणतेस सांगलीत बोलायला कुणी नाही. बोलायला म्हणजे कोड बोलायला, असंच ना? इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांत दोघं-तिघं सापडतील, शोध. पण माझ्या मते तुला कोडर नकोच आहे, वाजवणारा हवा आहे. डेमोच्या टोळ्यांत बघ, एक कोड लिहिणारा, एक चित्रं काढणारा आणि एक संगीतवाला असतोच असतो. मिरजेत नुसता तंबोरा छेडून देणारा कुणीही चालेल. तीन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून आण. सिनेमातली गाणी लावू नकोस. पहिल्या सुरालाच लोक गाण्यात जातील आणि धूळ बघायची राहून जाईल.

आता पुणं. दीड लाख भरू नकोस. मला त्या कोर्सची काही माहिती नाही, वाईटच असेल असंही नाही. पण तुझ्या ज्या गोष्टी अडल्यात त्या तिथं सुटणार नाहीत. शिकायचं साहित्य फुकट पडलंय. ‘प्रोसेसिंग’ हे कोड लिहायचं साधन २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी एमआयटीत सुरू केलं, तेच मुळी चित्रकारांना कोड लिहिता यावा म्हणून. त्याचाच धागा धरून लॉरेन मॅकार्थी यांनी पी-फाइव्ह केलं. शेडर, म्हणजे एकेका ठिपक्याचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, शिकायचे तर ‘शेडरटॉय’ या साइटवर हजारो लोकांनी आपला कोड उघडा ठेवलाय, आकडा बदलला की चित्र बदलतं. ‘सेकंड रिॲलिटी’चा सोर्सकोडसुद्धा २०१३ साली खुला झाला. मी उघडून बघितला. काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

‘यानं पोट भरतं का?’ याला खरं उत्तर आहे: काहींचं भरलं. फ्यूचर क्रूच्याच काही जणांनी १९९५ साली रेमेडी ही गेम कंपनी काढली. स्वीडनची डाइस ही गेम कंपनीही अमिगावर डेमो करणाऱ्या पोरांचीच. शेडरटॉय काढणाऱ्यांपैकी इनिगो किलेझ डेमोच्या जगातून पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत गेला. पण क्रम लक्षात घे. या लोकांनी आधी दाखवलं, खूप वर्षं दाखवलं, आणि मग कुणीतरी पैसे द्यायला आलं. तुझ्याकडं आज दाखवायला चौतीस अर्धवट आहेत. तेव्हा नोकरी आहे तिथं राहू दे. हळद जिथं उडते तिथं तुला पगार देऊन बसवलंय, असं नशीब पुण्याच्या मैत्रिणीला मिळणार नाही. पाच-सहा पूर्ण झाल्या, आणि तेव्हाही वाटलं की हेच करायचं, तर गणित पक्कं कर, मॅट्रिक्स आणि व्हेक्टर, सी प्लस प्लस शीक, आणि मग लिही मला. लग्नाच्या एलईडी वॉलवर पाकळ्या पाडण्याची कामं सांगलीतही मिळतात. मिळाली तर दोन घे, प्रोजेक्टरचं भाडं सुटेल. त्यातच अडकू नकोस मात्र, त्या पाकळ्या माणसाला खाऊन टाकतात.

रोज रात्री दोनपर्यंत जागणं बंद. आठवड्यातून दोन संध्याकाळी, साडेआठ ते साडेदहा, आणि रविवार सकाळ. झोपेत निम्म्या चुका आपोआप सापडतात, हे मी तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो. आणि सगळ्याला कुंपण घाल: एक भिंत, एक तिरीप, एकच पिवळा, तीन मिनिटं. नवीन काही सुचलं तर वहीत लिही, फाइल उघडू नकोस. छत्तीसावी नको. पस्तिसावीही नकोच. हळदीचीच फाइल पूर्ण होईल.

आईबद्दल जरा माझ्या बाजूनं ऐक. ती पाहुण्यांना खोटं सांगतेय असं तुला वाटतं. पण ठिपक्यांची रांगोळी म्हणजे काय गं? आधी ठिपक्यांची जाळी, मग कुठून कुठं रेघ जायची याचा नियम, आणि तो चारी बाजूंनी फिरवायचा. मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७०च्या दशकात तिकडच्या कोलम रांगोळीचं व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं, त्यावर शोधनिबंध आहेत. तेव्हा तुझी आई नकळत बरोबर बोलतेय. फक्त तिनं ते न बघता बोलू नये. तू तिला समजावून सांगतेस ना, फंक्शन, शेडर वगैरे? ते सोड. लॅपटॉप तिच्यापुढं ठेव, माउस तिच्या हातात दे आणि तू चहा टाकायला जा. परत आलीस आणि ती अजून माउस हलवत असेल तर काही विचारू नकोस. पुढच्या पाहुण्यांनाही तसंच. जो मुलगा तीन मिनिटं धूळ बघून ‘याचा उपयोग काय?’ विचारेल त्याला लगेच नाही म्हणू नकोस, बिचारा घाबरला असेल. जो विचारेल ‘यातली धूळ खाली का बसत नाही?’ त्याचा नंबर घेऊन ठेव.

शेठजींना आत्ताच सांगून टाक, आयत्या वेळी नको. त्यांना ‘इंटरॲक्टिव्ह’ वगैरे म्हणू नकोस, ‘लक्ष्मीपूजनाला आपल्या हळदीचा देखावा करते’ म्हण. परवानगी मिळेल, वर एक्स्टेन्शन बोर्डही मिळेल. प्रोजेक्टर भाड्यानं आण, विकत घेऊ नकोस. आणि आठ दिवस आधी संध्याकाळी जाऊन एकदा भिंतीवर लावून बघ. गोदामाच्या भिंतीला चुन्यात नीळ टाकून रंग मारलेला असला तर तुझा पिवळा हिरवट दिसेल, आणि तो कोडमध्ये दुरुस्त करत बसलीस तर आणखी चार महिने जातील. त्यापेक्षा पांढऱ्या मांजरपाटाचे दोन पट्टे शिवून ताणून बांध. शिवण आडवी येऊ दे, अगदी खाली, जमिनीपासून हातभर वर. तिथं तशीही धूळ बसलेली असेल.